मागच्या दाराची कडी

स्मारक समितीचे चिटणीस सकाळपासून घरभर नाचत होते. घर एका क्रांतिकारक लेखकाचं. ज्या सरकारनं त्याची पुस्तकं जप्त केली, तेच आता त्याच्या भिंतींना रंग देत होतं. लेखकाच्या लेकीला, म्हणजे ताईंना, याची गंमत वाटे. पण घर टिकावं म्हणून त्यांनीच वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, तेव्हा बोलायची सोय नव्हती.

आज मागच्या दाराची पाळी होती. बाबांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य याच दाराचं: ‘माझ्या मागच्या दाराला कधीच कडी नव्हती.’ पोलिसांचा ससेमिरा चुकवत आलेल्या कितीतरी जणांना या दारानं आत घेतलं होतं. चिटणिसांनी ते वाक्य पितळी पाटीवर कोरून आणलं होतं आणि तान्ह्या बाळासारखी ती पाटी जपत ते फिरत होते.

दाराचा जुना रंग खरवडता खरवडता सुतार थांबला. “ताई, इथे आतून कडी होती की! भुसा भरून भोकं बुजवलीत.”

“भलतंच काय!” चिटणीस उसळले. “किड्यांनी पोखरलं असेल.”

“किडे असे स्क्रूच्या मापानं पोखरतात होय, साहेब?”

चिटणीस आशेनं ताईंकडे बघू लागले. ताईंनी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाबांच्या नावाला धक्का लागला नसता. ताईंचा बाबांवर जीव होता. रागही होता, आणि तो इतकी वर्षं त्यांनी गिळला होता.

“होती कडी,” त्या म्हणाल्या. “माझा दादा माफी लिहून देऊन तुरुंगातून सुटला. थेट या दाराशी आला. बाबांनी आतून कडी घातली. दादा हाका मारत राहिला, मी आणि आई इथेच उभ्या. मग हाका थांबल्या. पुन्हा तो कुणाला दिसला नाही.”

ताईंनी बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवलं.

“दुसऱ्या दिवशी आईनं हातोडीनं कडी उखडली. बाबांनी ब्र काढला नाही. भोकं त्यांनीच बुजवली, आणि ते वाक्य त्यानंतर लिहिलं.”

चिटणिसांनी हातातली पाटी उलटसुलट करून पाहिली. “अहो ताई, लोक काय म्हणतील? या पाटीचं मी करू काय?”

“दुसरी करा. कडी होती, ती लेखकाच्या बायकोनं काढली, असं लिहा. जमत नसेल तर घर समितीला द्यायच्या कागदांवर मी सही करत नाही.”

चिटणिसांनी पाटी फडक्यात गुंडाळली. “बरं. लिहितो. आत भिंतीवर लावू, लोकांना नीट दिसेल.”

“आत नको,” ताई म्हणाल्या. “दाराच्या बाहेरच्या बाजूला लावा. दादाला कडी घातलेलीच माहीत आहे. आलाच कधी, तर दार ढकलून बघायचं त्याला कळायला हवं.”