आत्याबाईंची डावी कूस

आत्याबाई म्हणजे शार्क. मत्स्यालयाच्या मोठ्या तलावात राहतात, अंगावर ठिपके आहेत, आणि समोर कोणीही आलं तरी त्याला नखशिखांत न्याहाळून तोंड फिरवतात, म्हणून हे नाव. ठेवलं माझ्या नवऱ्यानं. त्यांचं खाणंपिणं, तब्येत, रुसवेफुगवे सगळं तोच बघतो. माझ्या रुसव्यांसाठी मग वेळ उरत नाही, पण ते असो.

मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काम करते. शार्कची कातडी हाताला पॉलिशपेपरसारखी लागते, पण तिच्यावर बुळबुळीत द्रवाचा पातळ थर असतो आणि त्यातली काही प्रथिनं जंतूंना थारा देत नाहीत. ती कोणती, हे शोधायचं माझ्याकडे आहे. त्यासाठी दर सोमवारी नवरा आत्याबाईंना काठाशी धरायचा आणि मी त्यांच्या डाव्या कुशीवर, कल्ल्यांच्या मागे, स्पंज फिरवायचे. दर वेळी तिथंच. जागा बदलली तर आधीच्या नमुन्याशी तुलना कशी करणार? शिस्त म्हणजे शिस्त.

मग आत्याबाईंना जखम झाली. जाळीला घासल्या असतील, असं सगळे म्हणाले. साधं खरचटणं, पण ते भरेना, उलट लाल होऊन पसरायला लागलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि निघताना नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

"या सोमवारी स्पंज नको," घरी जेवताना नवरा म्हणाला.

"आत्ताच तर हवा! जखम झाल्यावर त्या थरात काय बदलतं, तेच बघायचंय मला."

"तिला हात लावायचा नाही."

"मी काय सोलणार आहे का तिला?"

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "शार्कवरून कोणी भांडतं का रे? लोक सासूवरून भांडतात."

हसलं कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला आकडे दाखवूनच गप्प करावं म्हणून मी जुने निकाल उघडले आणि स्वतःच गप्प झाले. जंतूंना रोखत असावं असं ज्या प्रथिनाबद्दल मला वाटत होतं, ते दर सोमवारी आधीपेक्षा कमी भरत होतं. एकदा आत्याबाई ऐन वेळी वळल्या होत्या, तेव्हा उजव्या कुशीचा नमुना आला होता. त्यात ते भरपूर होतं. आणि जखम कुठं? डावीकडे, कल्ल्यांच्या मागे. मी त्यांचं कवच मोजत होते आणि मोजायला म्हणून पुसून नेत होते. ते पुरतं भरायच्या आत पुढचा सोमवार यायचा.

भर परिषदेत चूक कबूल करणं परवडलं. नवऱ्यासमोर, तेही तो बरोबर असताना, म्हणजे फारच झालं. तो तलावामागच्या खोलीत मासे कापत होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि 'मी सांगत होतो'ची वाट बघत उभी राहिले.

त्यानं सुरी ठेवली. "धरून मीच ठेवायचो ना तिला," तो म्हणाला.

मला रडूच आलं. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

स्पंज बंद केला. वरिष्ठांनी कपाळाला आठ्या घातल्या, घालू देत. जखमेनं चांगलाच वेळ घेतला. लाली ओसरली, कडा जवळ आल्या, आणि एका सकाळी नवऱ्यानं मला घाईघाईनं खाली बोलावलं. डाव्या कुशीवरची जखम भरली होती. तो पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. आत्याबाईंनी त्याच्या हातातला मासा घेतला आणि तोंड फिरवून जायच्या ऐवजी त्याच्या उघड्या हाताला डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग घासत गेल्या.

तो वर आला. हात कोपरापर्यंत खरचटून लाल झाला होता, वर तोच बुळबुळीत थर चकाकत होता, आणि तो हात पुढं ताठ धरून चालत होता.

"घे. हे तिनं स्वतःहून दिलंय."

मी कुपी काढली आणि झाकण उघडता उघडता उगाच म्हटलं, "यात निम्मी प्रथिनं तुझी निघतील."

"मग बस निवडत," तो म्हणाला. "तेवढे दिवस तिला तरी आराम."