पाच ताऱ्यांमागे राहिलेलं

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्हाला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. पण स्वतःचा एक शब्दही बोलता येत नाही. जमलं? मग माझी गोष्ट तुम्हाला कळेल. मी एक जुना टॅब आहे.

कारखान्यातून मी थेट दवाखान्यात आलो. मनाने खचलेल्या माणसांना घरबसल्या समुपदेशक ताईंशी बोलता यावं, म्हणून मला घरोघरी पाठवत. तेव्हा माझं केवढं कौतुक व्हायचं! काम संपलं, की मात्र मी कपाटात पडून असे.

शेवटी मी खारूच्या घरी आलो. सारखी तुरुतुरु पळते, म्हणून त्या नऊ वर्षांच्या मुलीला सगळे खारू म्हणत. तिची आई कपडे शिवायची. बाबा वारल्यापासून शिलाई मशीन बंद होतं आणि आईचं बोलणंही. दर बुधवारी चार वाजता मला स्वयंपाकघरात डब्यांना टेकवून ठेवत. शेजारीच खारूची आत्या मटार सोलत बसे.

“कशा आहात?” ताई विचारत.

“बरी आहे.”

“अगं, विचार की त्यांना,” आत्या हसे, “भाजीत मीठ विसरण्यावर काही औषध आहे का!”

आई मान खाली घाली. कॉल संपल्यावर माझ्या काचेवर दवाखान्याचा प्रश्न उमटे, सेवा कशी वाटली? आई लगेच पाच तारे देई. “चांगली बाई आहे. माझ्यामुळे तिला बोलणी नकोत बसायला.”

मग ती पाठमोरी भांडी घासे. तिचे हलणारे खांदे फक्त मला दिसत. सांगणार कुणाला?

ते तारे पाहून दवाखान्याने ठरवलं, की आई बरी झाली. आजचा कॉल शेवटचा. त्याआधी प्रश्नांची यादी आली. खारू वाचू लागली, “बोलताना एकांत मिळाला का?”

“हो लिही.”

“अगं, पण आत्या तर इथेच असते!”

“हळू बोल. वन्संना काय वाटेल?”

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण माझ्यासमोर कुणी मन मोकळं करत असेल, तर तेवढं दार लोटून घ्या.

खारूने ‘नाही’वर बोट ठेवलं. खाली लिहिलं, ‘ताई चांगल्या आहेत. आई अजून बरी नाही. कॉल बंद करू नका.’ मग मला आतल्या खोलीत शिलाई मशीनवर ठेवलं, आईला आत बसवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर उंबऱ्यावर बसून हाक मारली,

“आत्या, मटार आण ना इकडे. आपण दोघी सोलू.”