कुस्कोची संध्याकाळ कोणाची

विंग कमांडर विलास मुजुमदार निवृत्त होऊन झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले त्याला सहा वर्षं झाली; पण माइक हातात आला की त्यांच्यातला अधिकारी अजूनही ताठ उभा राहत असे. त्या शनिवारी सेक्टर २२ मधल्या हॉलमध्ये मराठी मंडळाची बैठक होती. विषय: ‘पेरूमधल्या कुस्को शहरात एक संध्याकाळ’. वक्ते अर्थातच विलास. त्यांच्या बायकोकडे, रागिणीकडे, साबुदाणा वड्यांचं खातं होतं.

गोम एवढीच, की कुस्कोतल्या त्या संध्याकाळच्या फेरीला विलास गेलेच नव्हते.

लेहला दोन वर्षं काढलेला माणूस. तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या गड्याला ते दम भरत: आधी अंथरुणातून उठायचं नाही, आणि मग दोन पावलं, थांब, श्वास. कुस्कोही जवळपास तेवढ्याच उंचीवर, अँडीजच्या डोंगरांत. पण “मला काय होतंय! लेह पचवलंय मी,” असं म्हणत ते दोन्ही बॅगा घेऊन हॉटेलचे तीन जिने चढले. हॉटेलवालीने उंचीच्या त्रासावर उतारा म्हणून आणलेला कोकाच्या पानांचा चहा त्यांनी हसून परत पाठवला. रागिणीने तो मुकाट्याने प्यायला आणि झोप काढली. दुपारी विलास डोकं धरून जे आडवे झाले, ते सकाळपर्यंत. ऑक्सिजन लावलेला, शेजारी हॉटेलवाली बसलेली. “तू जाऊन ये,” ते मास्कमधून म्हणाले, आणि रागिणी गेली. साठाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, परक्या गावात एकटी.

परत आल्यावर तिने त्यांना सगळं रंगवून सांगितलं. ते त्यांना इतकं आवडलं, की विमान दिल्लीला उतरेपर्यंत ‘ती गेली’चं ‘आम्ही गेलो’ झालं होतं. रागिणी गप्प राहिली. चारचौघांत नवऱ्याचं हसं कशाला करायचं? पण तिला वाईट वाटत होतं, चांगलंच वाटत होतं. आजवरच्या सगळ्या बदल्यांत घर, शाळा, पडद्यांची मापंसुद्धा त्यांच्या नोकरीने ठरवली. तिची स्वतःची म्हणून एवढी एकच संध्याकाळ होती, आणि तीही आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची.

“हा बघा बारा कोपऱ्यांचा दगड,” पडद्याकडे बोट करून विलास सांगत होते. “चुना नाही, माती नाही. दगडाला दगड असा भिडवलाय की मध्ये पोस्टकार्ड जाणार नाही.”

पहिल्या रांगेत एका मेजरची नऊ वर्षांची मुलगी, पूर्वी, बसली होती. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदी. “अंकल, आपने टच किया?”

“अलबत! गार आणि एकदम गुळगुळीत.”

मागे वड्यांच्या डब्याचं झाकण हातात धरून उभ्या असलेल्या रागिणीच्या कपाळाची शीर उठली. गल्ली घेतली, दगड घेतला, सगळं घेतलंत. पण ती शिटी माझी होती!

“तिथे हात लावू देत नाहीत,” ती म्हणाली. आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “रखवालदार असतो. शिटी मारतो. मला मारली.”

सगळ्या माना मागे वळल्या. मोहालीत आयटीत असलेली मधुरिमा मंडळाचं सगळं बघायची. तिने निरागसपणे विचारलं, “काकू, आणि सर तेव्हा कुठे होते?”

‘फोटो काढत होते’ हे उत्तर रागिणीच्या जिभेवर तयार होतं. असली उत्तरं तिच्याकडे कायम तयार असत. यावेळी मात्र तिने ते गिळलं आणि झाकण टेबलावर ठेवलं. आता घरी आठवडाभर अबोला, हेही तिने मनाशी धरलं.

विलासनी रिमोटकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

“सर हॉटेलात ऑक्सिजन लावून पडले होते,” ते म्हणाले. “लेहवाले सर!”

हॉलमध्ये असा हशा उठला की खुर्च्या हलल्या. फौजी तर पोट धरून हसले. विलास स्वतः मागे चालत आले आणि माइक तिच्या तेलकट हातात दिला. “मी गेलोच नाही, यार. हिला विचारा.”

रागिणीने माइक तोंडापाशी धरला.

“आपल्याकडे सगळे रस्ते पट्टीने आखलेले, सेक्टरचा आकडा सांगितला की झालं. तिथे एक गल्ली सरळ असेल तर शपथ,” ती म्हणाली. “आमची गाइड रोसा. तिचं इंग्रजी तिचं, माझं माझं, पण जमलं. शेवटी सान ब्लास नावाच्या वस्तीची चढण होती, नुसत्या पायऱ्या. तरणी पोरं धापा टाकत खाली बसली. मी आपली दोन पावलं, थांब, श्वास. दोन पावलं, थांब, श्वास. सगळ्यांच्या आधी वर मी! रोसा म्हणाली, तुम्ही डोंगरातल्या का? म्हटलं, नाही गं. मी पुण्यात दोन मुलं सांभाळत होते. नवरा डोंगरात होता, आणि रोज फोनवर हेच शिकवायचा.”

तिने माइक दुसऱ्या हातात घेतला. “वरून सगळ्या डोंगरांवर दिवे दिसत होते. मला रडू आलं. वाटलं, हे इथे हवे होते.”

यावर कोणी हसलं नाही. विलास वड्यांच्या डब्यापाशी उभे राहून चष्मा पुसत होते. मग पूर्वीने विचारलं, “आंटी, सीटी कैसी बजी थी?” आणि रागिणीने दोन बोटं तोंडात घालून ती वाजवून दाखवली.

परतताना झिरकपूरच्या अलीकडे नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या. एरवी विलास या जामला लाखोली वाहत. आज त्यांनी इंजिन बंद केलं.

“रडलीस हे मला सांगितलं नव्हतंस.”

“तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही तर दुसऱ्या दिवसापासून सांगायलाच लागलात.”

त्यांनी मान हलवली. “मग आता पहिल्यापासून सांग. हॉटेलच्या दारापासून.”

पुढचा ट्रक हलला, मागच्याने हॉर्न दिला. रागिणी म्हणाली, “चला हळूहळू, घाई नाहीये,” आणि तिने हॉटेलच्या दारापासून सुरुवात केली.