गंगाफळाचा ड्रम

नरफुलाच्या पाकळ्या सोलून दिपमालानं त्यातला पिवळा दांडा मादीफुलात हलकेच फिरवला. धुळ्यातल्या या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर मधमाशी फिरकत नाही; गंगाफळाला, म्हणजे लाल भोपळ्याला, फळ धरायचं तर माणसानंच सकाळी उठून हे काम करावं लागतं. अर्ध्यात कापलेल्या निळ्या ड्रमात तिनं वेल लावला होता, तळाला भोकं पाडून, गावाकडचं शेणखत घालून. कठड्याला बांधलेल्या सुतळीवरून तो पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेला होता. आतापर्यंत धरलेल्या एकुलत्या एक फळाला तिनं आपल्या जुन्या ओढणीची झोळी केली होती, वजनानं देठ तुटू नये म्हणून.

नवऱ्यानं दुसरी आणून तिला घराबाहेर काढलं, तेव्हापासून ती धाकट्या भावाकडे, कुंदनकडे राहत होती. इथं कुणी तिला टाकून बोलत नसे. पण आपण या घरच्या की पाहुण्या, हे कुणी सांगतही नसे, आणि तेच तिला आतून खात होतं.

श्रावणात कानबाई देवी घरात बसायच्या आधी कुंदनची बायको कामिनी वर आली. गंगाफळावर टिचकी मारून म्हणाली, रोटाच्या भाजीला बाजारातलं कशाला, हेच घेऊ. दिपमाला हरखली. देवीचा रोट, म्हणजे नैवेद्याच्या गव्हाच्या जाड पोळ्या आणि सोबतची भाजी, फक्त घरच्यांनी खायचा असतो. आपल्या हातचं फळ रोटाला चाललं म्हणजे आपणही चाललो, असं तिनं गृहीत धरलं. झोळी तिनं स्वतः सोडली.

रोटाचे गहू काढताना घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ टोपलीत पडते. कुंदननं आपलं नाव घेतलं, कामिनीचं घेतलं, लेकीचं, डिंपलचं घेतलं. गावी राहणाऱ्या वडिलांचंही घेतलं. मग हात झटकले.

"मन्हं?" दिपमालानं विचारलं.

"तुन्हं नाव सासरना रोटमा शे, अक्का."

"तथा सासरमा कोन लेस मन्हं नाव?"

तो टोपली उचलून आत गेला. रोटाच्या दिवसांत तिच्यासाठी वेगळी खिचडी शिजत राहिली. कामिनी तिच्यावर तूप मात्र सढळ हातानं वाढायची.

उरलेले रोट पुनवेला मातीत पुरायचे, परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचे नाहीत. लग्न झालेल्या लेकीनं खाल्ले तर घरावर देवीचा कोप. आता फ्लॅटमध्ये माती आणायची कुठून? पुनवेच्या सकाळी कुंदन गच्चीवर आला, ड्रममधला वेल मुळासकट उपटून बाजूला टाकला आणि त्या जागी रोटाचे तुकडे पुरले. वेलाला नुकतंच दुसरं फळ धरलं होतं.

"आते या मातीले हात लावू नको, अक्का," तो अगदी मायेनं म्हणाला, आणि राखी बांधून घ्यायची म्हणून आंघोळीला गेला.

ती ड्रमपाशी उकिडवी बसली. इतका राग तिला सवत घरात आली तेव्हाही आला नव्हता. दोन्ही हातांनी तिनं माती उकरली.

खाली कुंदन पाटावर हात पुढे करून बसला होता. ओवाळायला ती समोर आली तेव्हा तिचा जबडा हलत होता, आणि दातांखाली कचकच वाजत होती.

"काय खाई ऱ्हायनी, अक्का?"

तिनं आधी राखी त्याच्या मनगटाभोवती घेतली, गाठ मारली, घट्ट ओढली.

"रोट," ती म्हणाली.