पोस्टमनची तहान

पोस्टमनने दारात पाणी मागितलं की गावाला समजायचं ते समजत असे. एरवी तो "पोस्ट!" अशी हाळी द्यायचा, पत्र टाकायचा आणि सायकलवर टांग मारून पुढे. पण मरणाची तार असली की सायकल भिंतीला नीट टेकवायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, "जरा पाणी द्याल का?" तहान त्याला नसायचीच. ऐकणाऱ्याच्या हाताशी पाणी असावं, एवढंच त्याच्या मनात असे.

या सवयीपायी बिचाऱ्याचीच पंचाईत. भर उन्हात घसा कोरडा ठणठणीत पडला तरी घोटभर पाणी मागायची सोय नाही. एकदा खरोखरच ठसका लागला म्हणून शिंपिणीकडे मागितलं, तर तिच्याच तोंडचं पाणी पळालं. उंबऱ्यात मटकन बसून तिने गळाच काढला. पिशवीत होती भाच्याच्या लग्नाची पत्रिका.

बायको त्याला यावरून चिडवायची. "गावभर तोंड शिवून फिरता आणि घरी आलात की अख्खा माठ रिकामा करता." तो हसायचा आणि स्वतःच पेला बुडवून घ्यायचा. अख्ख्या संसारात त्याने तिच्याकडे पाणी म्हणून मागितलं नव्हतं.

त्या आठवड्यात दोघांचाही जीव टांगणीला लागला होता. एकुलती एक लेक शहरातल्या दवाखान्यात, हृदयाचं ऑपरेशन. सोबत एकालाच राहू देत होते, म्हणून जावई राहिला. गावात फोन एकच, तोही पोस्टात. जावई तिथेच कळवणार होता.

"फोन आला की टपाल राहू द्या, आधी घरी या," सकाळी बायकोने बजावलं.

"येतो."

"आणि हसत या."

दुपारी ती लेकीची गादी उन्हात टाकत होती. बरी होऊन आली की महिनाभर तरी तिला सासरी पाठवायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात सायकलची चेन कुरकुरली. रोज तो सायकल अंगणात आडवी टाकायचा आणि ती ओरडायची. आज त्याने ती भिंतीला नीट टेकवली. टोपी काढली.

"अगं," तो म्हणाला, "जरा पाणी देतेस?"

"माठ आत आहे," ती म्हणाली. "घ्या की तुमचं तुम्ही."

तो जागचा हलला नाही. "तू दे."

ती आत गेली. पेला भरला, ओतून टाकला, पुन्हा भरला. आपण बाहेर जात नाही तोवर लेक आहे, असं तिला वाटत राहिलं. ज्या सवयीला ती जन्मभर हसली, तिचाच तिला भयंकर राग आला. कुणी सांगितलं होतं या माणसाला पाणी मागायला? सरळ ओरडत यायचं होतं, शेजारीपाजारी गोळा करायचे होते.

मग दारातून तिला तो दिसला. अजून उभाच होता, टोपी हातात चुरगळत. पोस्टात त्याने फोन कानाला लावला, तेव्हा त्याच्याकडे आधी कुणी पाणी मागितलं नव्हतं.

तिने दुसरा पेला भरला. दोन्ही घेऊन बाहेर आली आणि एक त्याच्या हातात दिला.

"आधी तुम्ही प्या," ती म्हणाली. "मग सांगा."