पोस्टरवरचा दादा

फुप्फुसाच्या कॅन्सरने मरणाऱ्यांचं प्रमाण आमच्या भागात सगळ्यात जास्त आहे. आरोग्य खात्यात हे आकडे मांडायचं काम माझंच. त्यात आमचे बाबाही आले, त्यामुळे सिगारेट दिसली की माझं डोकंच फिरतं.

म्हणून दादा "सोडली बरं का" म्हणाला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. लगेच त्याचा हसरा फोटो मोहिमेच्या पोस्टरवर छापून घेतला. खाली ठळक अक्षरांत, 'मी सोडली, तुम्हीही सोडा'. बसथांब्यावर, दवाखान्यात, बाजारात, जिकडे तिकडे आमचे बंधुराज!

आणि मागच्या आठवड्यात त्याच्या सलूनच्या मागच्या दाराने गेले, तर महाशय पाण्याच्या टाकीआड धूर सोडतायत!

"लाज नाही वाटत?"

"बाबांच्या वेळी किती रडलीस गं तू. तुला बरं वाटावं म्हणून बोललो. तू पोस्टर छापशील हे मला काय ठाऊक!"

"उद्याच्या उद्या सगळी उतरवते!"

तेवढ्यात पुढून हाक आली. खुर्चीत एक ट्रकड्रायव्हर दाढीसाठी बसला होता. दादाला बघताच त्याने त्याचा हातच धरला.

"तुमचं पोस्टर बघून सोडली हो. पण स्टिअरिंगवर तलफ आली की जीव नकोसा होतो. तुम्ही काय करायचात तेव्हा?"

मी दारात कमरेवर हात ठेवून उभी. आता हा खोटं बोलला तर या माणसाचं काय होणार? आणि खरं बोलला तरी काय होणार?

"मी सोडलेलीच नाही," दादा खाली मान घालून म्हणाला. "बहिणीला थाप मारली."

ड्रायव्हरने त्याचा हात सोडला. मला वाटलं, संपलं, हा बाहेर पडून पहिली पेटवणार. पण त्याने हात पुढे केला.

"पाकीट द्या."

दादाने निमूटपणे दिलं. त्याने ते चुरगाळून केसांच्या डब्यात टाकलं.

"रोज संध्याकाळी फोन करीन. उचलायचा. आता दाढी करा."

काल फोन आला नाही, तर दादा घाबराघुबरा. जेवण टाकून स्वतःच फोन लावत बसला. "अरे, आहेस कुठे? पेटवली नाहीस ना? मीपण नाही रे, आईशप्पथ!"

मी भांडी घासायच्या निमित्ताने आत गेले आणि पोटभर रडले. बाबांवर आम्ही सगळे खूप चिडायचो, पण असा फोन त्यांना कुणी केला नाही.