सही जुळत नाही

बँकेतून फोन आला तेव्हा फिटर लेकीच्या स्वयंपाकघरात लसूण सोलत उभा होता. हात चिकट झालेले, म्हणून लेकीने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. तिकडच्या, म्हणजे मायदेशातल्या बँकेचा कारकून बोलत होता.

"काका, तुमचा अर्ज परत पाठवतोय. सही जुळत नाही."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात."

"मागच्या वेळीही जुळत नव्हती ना. आता नीट ऐका. तिसऱ्यांदा असं झालं तर खातं गोठवावं लागेल. मग तुम्हाला स्वतः यावं लागेल."

"स्वतःच तर बोलतोय."

"फोनवर नाही हो. समोर, शाखेत."

लेकीने फोन बंद केला आणि ती बापाकडे बघत राहिली. फिटरने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या आणि पुढचा गड्डा फोडला.

फिटर हे त्याचं नाव नव्हे. जन्मभर कारखान्यांतून बॉयलर बसवत फिरला, म्हणून साइटवर फिटर, गल्लीत फिटर आणि शेवटी घरातही फिटर. बायकोसुद्धा शेजारणींना सांगायची, "आमचे फिटर आले की विचारते." ती जाऊन वर्ष होत आलं होतं. गेल्यानंतर तो महिनोन्‌महिने घरात एकटाच राहिला. लेक मध्येच न कळवता येऊन धडकली, तर शेगडीवर धूळ, भांडी पालथी, आणि हा माणूस बिस्किटं चहात बुडवून दिवस काढतोय. चहासुद्धा टपरीवरून आणलेला. लेक रडली नाही, भांडलीही नाही. तिने त्याचे कपडे बॅगेत भरले आणि घराला कुलूप लावलं.

पण इथे, तिच्या देशात, त्याला राहायची परवानगी तात्पुरती होती. ती वाढवून हवी तर अट अशी, की इथल्या बँकेत त्याच्या नावाचं खातं हवं आणि त्यात तिकडून आलेले त्याचे स्वतःचे पैसे हवेत. जावयाने भरलेले चालणार नाहीत. पैसे होते. बायकोने एक एक रुपया राखून ठेव केली होती. ते फक्त तिकडून इकडे यायचे होते. न आले तर फिटरला परत जावं लागणार होतं, त्या कुलपाकडे आणि त्या शेगडीकडे. लेकीला सुट्टी मिळायची नाही, जावयाचं नवं काम. तो एकटाच जाणार आणि एकदा गेला की पुन्हा यायचं काही खरं नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

इथल्या बँकेत तो जावयाबरोबर जाऊन आला होता. काचेची खोली, मऊ खुर्ची, समोर हसऱ्या चेहऱ्याची अधिकारी मुलगी. तिने खातं उघडून दिलं, पण क्रेडिट कार्डाचं नाव काढल्यावर ती अडखळली.

"तुमची इथे उधारीची काही नोंद नाही," ती म्हणाली.

"असणार कशी? आयुष्यात कुणाची उधारी केली नाही," फिटर छाती पुढे काढून म्हणाला.

"तीच तर अडचण आहे."

फिटरने जावयाकडे पाहिलं. जावई टेबलाकडे बघत हसू दाबत होता. शेवटी ठरलं ते असं, की तिकडून पैसे आले की त्यातला थोडा भाग बँक अडकवून ठेवेल आणि त्याच्या भरवशावर कार्ड देईल. बाहेर आल्यावर फिटर म्हणाला, "म्हणजे माझेच पैसे गहाण ठेवून मलाच उधार देणार."

"बाबा, इथे असंच असतं."

"छान आहे. आमच्याकडे याला चावटपणा म्हणतात."

तेव्हा हसायला येत होतं. पैसे पाठवायचा अर्ज दोनदा परत आल्यावर कुणी हसेना.

सही न जुळायचं कारण फिटरला पहिल्या फोनलाच कळलं होतं. बँकेत असलेली सही त्याची नव्हतीच. बायकोची होती. म्हणजे नाव त्याचं आणि हात तिचा. फार वर्षांपूर्वी बँकेने सगळ्या खातेदारांना नमुन्याची सही नव्याने द्यायला सांगितली, तेव्हा फिटर कुठल्याशा साखर कारखान्यात चिमणीखाली मुक्कामाला होता. बायको सहीच्या नमुन्याचं कार्ड घरी घेऊन आली, जेवणं उरकून टेबलाशी बसली आणि त्याच्या नावाची सही ठोकून दुसऱ्या दिवशी देऊन आली. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं म्हणे.

"वहिनी, सही फिटरसाहेबांचीच ना?"

"त्यांचीच. दुसऱ्या कुणाची असणार?"

सुट्टीवर आल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा दोघंही पोट धरून हसली. मग तेच चालू झालं. चेक, ठेवीची पावती, लेकीचं प्रगतिपुस्तक, सोसायटीची पत्रं, सगळीकडे फिटरची सही बायको करायची. त्याला काय, बरंच होतं. सही म्हटली की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्याने स्वतःची सही केली ती पासपोर्टच्या खिडकीवर, कारण तिथे बायको नव्हती.

रात्रीच्या जेवणाला जावयाने विषय काढला. जावई एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघायचा आणि कुठलंही काम सरळ रस्त्याने करायचा.

"सही बदलायचा फॉर्म असतो. तो भरायचा, आपल्या वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची, त्यांचा शिक्का घ्यायचा आणि पाठवायचा. मग पासपोर्टवरची सही तीच बँकेतली सही. कायमची कटकट गेली."

"मग आधीच का नाही केलं?" लेक म्हणाली.

"कारण त्या फॉर्ममध्ये दोन चौकोन आहेत. एकात नवी सही. दुसऱ्यात जुनी."

फिटरने हातातला घास ताटात ठेवला.

"जुनी करणारी तर नाही," फिटर म्हणाला.

"मी करते," लेक म्हणाली. "मला येते आईची. म्हणजे बाबांची. शाळेत असताना दोनतीनदा केली आहे मी."

"कधी?" फिटरने विचारलं.

"गणितात नापास झाले होते तेव्हा."

"आईला माहीत होतं?"

"तिनेच ओळखलं. म्हणाली, शेपूट आखूड झालंय, आणि एक धपाटा दिला."

"तुला येऊन उपयोग नाही," जावई समजावणीच्या सुरात म्हणाला. "अधिकाऱ्यासमोर बाबांनीच करायला हवी. तुझी सहज येते, पण खिडकीवर उभे राहणार बाबा."

रविवारी दुपारी लेकीने टेबल मोकळं केलं. बापासमोर जुन्या चेकची छायाप्रत ठेवली आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. फिटरने हात धुतले, पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला लागला. दिसतं तसं काढत गेला. अक्षर बरोबर यायचं, वळण बरोबर यायचं, पण दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या की कुणीही सांगावं, ही ती नव्हे. त्याची सही कडक, जड. कागद पलटला तर मागून बोटाला लागेल अशी.

"दाब कमी करा, बाबा."

"कमीच केलाय."

"ही सही आहे, वेल्डिंग नाही."

त्याने पुन्हा केली. पुन्हा. दोन कागद भरले. तिसऱ्या कागदाशी लेकीने त्याचा हात धरला.

"थांबा. तुम्ही रेघ शेवटी मारता."

"मग? सगळे शेवटीच मारतात. आधी अक्षरं, मग वर रेघ."

"आई आधी मारायची. आधी लांब रेघ, पूर्ण. मग तिच्याखाली अक्षरं लटकवायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. म्हणून ती अशी सैल दिसतात."

फिटर लेकीकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्या बाईने त्याचं नाव लिहिलं आणि कसं लिहिते ते त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. तो यायचा तेव्हा सह्या झालेल्या असायच्या.

त्याने रेघ मारली. उजवीकडे जाताना ती जराशी वर चढली. मग पहिलं अक्षर तिच्याखाली सोडलं, दुसरं, मग शेवटचं, आणि शेपूट लांबवलं.

लेकीने चेकची प्रत उचलून त्या सहीशेजारी धरली, आणि मग चहा ठेवते म्हणून उठून गेली. चहा काही झाला नाही. फिटर एकटाच लिहीत बसला. रेघ, मग अक्षरं. रेघ, मग अक्षरं. त्या दिवसापासून वर्तमानपत्राच्या कडेला, पाकिटांच्या पाठीवर, जिथे मोकळी जागा दिसेल तिथे तो ती सही करत सुटला. जावई एकदा म्हणाला, "बाबा, आता नवीचाही सराव करा थोडा." फिटर म्हणाला, "ती माझीच आहे, तिला काय सराव."

वकिलातीत आत एकट्यालाच सोडायचे. लेक खाली फुटपाथवर थांबली. वर एक लांबट खोली, भिंतीला टेकून खुर्च्या, नंबर पुकारला की खिडकीशी जायचं. काचेमागे पिकल्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी फॉर्म खाचेतून पुढे सरकवला.

"वरच्या चौकोनात जुनी, खालच्यात नवी. माझ्यासमोर."

फिटरने वरची केली. हलक्या हाताने, रेघ आधी. मग खालची केली आणि फॉर्म परत सरकवला. बाईंनी पाहिलं, पासपोर्ट उघडला, पुन्हा पाहिलं.

"काका, दोन्ही सारख्याच केल्यात. मग बदललं काय?"

फिटरने मान वाकवून पाहिलं. खरंच, खालीही तीच होती.

"आणि पासपोर्टवरची भलतीच आहे. तुमची नक्की कुठली?"

"पासपोर्टवरची."

"मग ती करा ना."

"हाताला दुसरीची सवय लागली."

बाईंनी सुस्कारा सोडला. मागे कुणीतरी घसा खाकरला. लेकीने फायलीत एक जादा फॉर्म घालून दिला होता, तो फिटरने काढला. वरच्या चौकोनात पुन्हा जुनी केली. ती इतकी नेमकी उतरली की घरच्या टेबलावरही कधी उतरली नव्हती. मग पेन खालच्या चौकोनावर आणलं आणि थांबला.

"बाई, एक विचारू? ही खालची केली की वरचीचं काय होतं?"

"रद्द होते."

"रद्द म्हणजे?"

"म्हणजे यापुढे ती सही आली तरी बँक मानणार नाही. त्यासाठीच आला आहात ना तुम्ही?"

"हो. त्यासाठीच."

पेन तसंच राहिलं. न करता परत गेलो तर, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. आता येते आहे, हिच्याच जोरावर अर्ज पाठवून देऊ. पण एखादं शेपूट आखूड झालं की खातं गेलं, मुक्काम गेला. खाली लेक उन्हात उभी होती. आणि तिकडे ते कुलूप होतं. आत गेल्यावर काय होतं ते त्याने एकदा पाहिलं होतं, पुन्हा पाहायची ताकद नव्हती.

"काका, मागे लोक आहेत."

त्याने अक्षरं लिहिली, जड, एकेक. मग वरून रेघ मारली. ती चौकोनाच्या बाहेर गेली.

"चालेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

खाली लेकीने विचारलं, "झालं?"

"झालं."

"आईची नीट आली?"

"चांगली आली."

तिकडून निरोप आला, सही बदलल्याचा. मग पैसे आले, मुक्काम वाढला, आणि शेवटी एका पाकिटातून कार्ड आलं. जावयाने पेढ्यांऐवजी केक आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. दूध घेतलं, कांदे घेतले. गल्ल्यावरच्या पोराने यंत्र पुढे केलं, फिटरने शिकवल्याप्रमाणे कार्ड टेकवलं, यंत्र टिंग असं वाजलं. पोराने पिशवी हातात दिली आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. फिटर तिथेच उभा राहिला.

"अजून काही हवंय?" पोराने विचारलं.

"सही?"

"नाही लागत."

घरी आला तेव्हा लेक नळाखाली तांदूळ धूत होती.

"चाललं कार्ड?"

"चाललं. सही मागितली नाही कुणी."

"इथे नाही मागत, बाबा. नुसतं टेकवायचं."

"मग तुझ्या आईची रद्द करून आलो ती कशाला?"

हे असं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. लेकीने नळ बंद केला. तिचा दुसरा हात तांदळातच राहिला.

"तिकडच्या बँकेसाठी, बाबा. पैसे यायला हवे होते."

"हो, ठाऊक आहे," फिटर म्हणाला. "मला सगळं ठाऊक आहे."

त्याने फ्रिज उघडून दूध आत ठेवलं. मग खुर्ची ओढून बसला आणि कांदे सोलायला घेतले, जेवायला किती लागतील ते न विचारताच, एकामागून एक.